दिलेला की निवडलेला?



काही दिवसांपूर्वी एका खेड्यातल्या शाळेतील बाई मला भेटल्या. त्या सातवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवतात. धड्यात एक वाक्य आले होते, एका मुलाला कोणीतरी 'अ‍ॅडॉप्ट' केले अशा अर्थाचे. बाईंनी फळ्यावर अर्थ लिहिला, 'दत्तक घेणे'. त्याबरोबर वर्गातली सगळी तोंडे खिडकीजवळ बसलेल्या एका मुलीकडे वळली. गावात सगळ्यांना सगळे ठाऊक असते! मुलीने मान खाली घातली. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "बाई, म्हणजे हिचे खरे आईबाप निराळे ना?"

बाई मला म्हणाल्या, "सर, शब्दाचा अर्थ तर मी बरोबरच सांगितला. तरी काहीतरी चुकलं असं वाटत राहिलं. काय सांगायला हवं होतं?"

मला तेव्हा चटकन उत्तर देता आले नाही. मी इतिहास शिकवणारा माणूस. घरी आलो आणि या शब्दांच्या मागे मागे जाऊ लागलो. जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी येईल.

आधी आपला शब्द घेऊ. 'दत्त' म्हणजे दिलेला. अत्री ऋषींना जो दिला गेला तो दत्तात्रेय, हे आपल्याला दत्तजयंतीच्या कीर्तनातून माहीत असते. त्याच 'दत्त'पासून दत्तक. म्हणजे आपल्या शब्दाची नजर देणाऱ्यावर आहे. जन्मदात्या आईबापांनी मूल उचलून दुसऱ्याच्या ओटीत घातले, ही त्यातली मुख्य घटना. मनुस्मृतीत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत, त्यांत हा दिलेला पुत्र येतो. आईने किंवा बापाने हातावर पाणी सोडून त्याला द्यायचे, असा तो विधी.

आता इंग्रजी शब्द पाहा. 'अ‍ॅडॉप्ट' हा मूळचा लॅटिन. त्यातल्या 'ऑप्तारे' या धातूचा अर्थ निवडणे, पसंत करणे. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत 'ऑप्शन' असतो ना? अमुक तीन प्रश्नांपैकी कोणतेही दोन सोडवा, तो ऑप्शन. तोच हा धातू. म्हणजे इंग्रजी शब्दाची नजर घेणाऱ्यावर आहे. त्याने पाहिले, त्याला आवडले, त्याने निवडले.

म्हणूनच इंग्रजीत हा शब्द मुलांपुरता राहिलेला नाही. सभेत ठराव 'अ‍ॅडॉप्ट' होतो, शेतकरी नवे बियाणे 'अ‍ॅडॉप्ट' करतो, माणूस एखादी सवय 'अ‍ॅडॉप्ट' करतो. आपली राज्यघटना घटनासमितीने 26 नोव्हेंबर 1949 रोजी 'अ‍ॅडॉप्ट' केली, तिथेही हाच शब्द आहे. मराठीत आपण ठराव दत्तक घेत नाही, तो मंजूर करतो. आणि घटना आपण अंगीकृत केली. मात्र अलीकडे आपणही इंग्रजीच्या मागे गेलो आहोत. बँक गाव दत्तक घेते, एखादा कारखाना शाळा दत्तक घेतो. गाव कोणी दिले, कोणाच्या ओटीत घातले, हे कोणी विचारत नाही! म्हणजे अक्षरे आपली राहिली, अर्थ इंग्रजी आला.

शिक्षकमित्रांसाठी दोन गोष्टी जाता जाता सांगतो. 'अ‍ॅडॉप्ट' आणि 'अ‍ॅडॅप्ट' या दोन शब्दांत मुले हमखास घोटाळा करतात. पहिल्याचा अर्थ स्वीकारणे, दुसऱ्याचा जुळवून घेणे. कादंबरीवरून नाटक केले तर ते 'अ‍ॅडॅप्ट' केलेले. दुसरी गोष्ट, काटेकोर इंग्रजीत मूल 'अ‍ॅडॉप्टेड' असते आणि आईबाप 'अ‍ॅडॉप्टिव्ह' असतात. आपल्याकडे मुलगा तेवढा दत्तक. आईबाप दत्तक म्हटले तर कानाला खटकते. त्यांना आपण नुसते आईबाप म्हणतो. हे ध्यानात ठेवा, याची गरज पुढे पडणार आहे.

गंमत अशी की, ज्या इंग्रजांच्या भाषेत हा शब्द होता, त्यांच्या कायद्यात ती गोष्टच नव्हती. शब्द त्यांनी लॅटिनमधून उचलला. रोमन लोकांत दत्तकाची चाल मोठी होती. जूलियस सीझरने मृत्युपत्रात आपल्या बहिणीच्या नातवाला पुत्र ठरवले, तोच पुढे ऑगस्टस बादशहा झाला. हेड्रियनने अँटोनायनसला दत्तक घेतले, अँटोनायनसने मार्कस ऑरेलियसला. रोममध्येही बापाला मुलगा द्यावाच लागे. तीन वेळा लटकी विक्री करून तो मुलावरचा हक्क सोडत असे. पण नाव पडले ते घेणाऱ्याच्या पसंतीवरून.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात मात्र रक्ताचा वारस तो वारस. दुसऱ्याचे मूल प्रेमाने सांभाळणारे होते. प्रसिद्ध कादंबरीकार जेन ऑस्टिन यांचा भाऊ एडवर्ड असाच नाइट नावाच्या श्रीमंत, निपुत्रिक नातेवाइकांकडे वाढला आणि 1812 साली त्याने नाइट हे आडनाव घेतले. परंतु कायद्याने दत्तक घेण्याची सोय इंग्लंडात झाली ती 1926 च्या कायद्याने. तोवर टिळक, गोखले होऊन गेले होते! त्या कायद्यानेही मुलाला नव्या घरात वारसाहक्क दिला नाही. तो यायला 1949 साल उजाडावे लागले.

आता कल्पना करा. ज्यांच्या घरी ही रीत कायद्यात बसत नव्हती, ते लोक इथे राज्यकर्ते होऊन बसले आणि आमच्या दत्तकांचा न्याय करू लागले. त्यांनी आमचे ग्रंथ समजून घेण्याची खटपट केली, हे मान्य केले पाहिजे. 'दत्तकमीमांसा' आणि 'दत्तकचंद्रिका' या दोन ग्रंथांचे इंग्रजी भाषांतर 1821 साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. आपल्या मुलखात नीलकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' प्रमाण मानत. भट्टांचे हे घराणे मूळचे पैठणचे, पुढे काशीला स्थायिक झालेले.

या ग्रंथांच्या आधारे महाराष्ट्राची चाल इतर प्रांतांहून निराळी ठरली होती. नवरा वारल्यावर बाईने दत्तक घ्यावा की नाही? बंगालात नवऱ्याची स्पष्ट आज्ञा असल्याशिवाय घेता येत नसे. मद्रासकडे आज्ञा नसेल तर नवऱ्याच्या भाऊबंदांची संमती लागे. आपल्याकडे मात्र विधवेला नवऱ्याच्या परवानगीवाचूनही दत्तक घेता येई. घर उघडे पडू नये, हा त्यातला हेतू. हे एवढे सविस्तर सांगितले, कारण आपल्या इतिहासातील कितीतरी गाद्या अशा विधवांच्या ओटीवर टिकल्या.

पण ग्रंथ वाचणे निराळे आणि राज्य करणे निराळे. 1834 साली कंपनीच्या संचालकांनी ठरवले की, संस्थानिकांच्या दत्तकाला संमती देणे ही मेहेरबानी समजावी आणि ती क्वचितच करावी. पुढे 1848 साली लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल होऊन आला. त्याच्या धोरणाचे नाव 'लॅप्स'. हा शब्द तुम्हाला चांगला ओळखीचा आहे. हप्ता भरला नाही की विम्याची पॉलिसी लॅप्स होते. मार्चअखेर पैसे खर्च केले नाहीत तर अनुदान लॅप्स होते, म्हणजे जिथून आले तिथे परत जाते. तसे औरस पुत्र नसलेले आश्रित संस्थान सरकारात परत जाणार! आपल्या लोकांनी त्याला रोखठोक शब्द वापरला, 'खालसा'.

पहिला घाव साताऱ्यावर पडला. 5 एप्रिल 1848 रोजी छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी भोसले कुळातील एक मुलगा दत्तक घेतला होता. 1819 च्या तहाने कंपनीने हे राज्य महाराजांना आणि त्यांच्या वारसांना दिले होते. आता प्रश्न असा की, 'वारस' या शब्दात दत्तक पुत्र येतो की नाही? आपल्याकडे शेंबड्या पोराने याचे उत्तर दिले असते. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचेही मत दत्तक मान्य करावा असेच होते. पण डलहौसीने ते मानले नाही आणि शिवछत्रपतींच्या वंशाचे साताऱ्याचे राज्य खालसा झाले.

झाशीची कथा याहून बोलकी आहे. 1853 च्या नोव्हेंबरात गंगाधरराव नेवाळकर मरणशय्येवर होते. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी कुळातल्या आनंदराव नावाच्या पाच वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदर ठेवले. इंग्रज अधिकारी त्या वेळी तेथे हजर होता. तरी 1854 मध्ये झाशी खालसा झाली. आता खरी मेख ऐका. महाराजांची खाजगी मालमत्ता कोणाची, असा प्रश्न निघाला, तेव्हा डलहौसीने निवाडा दिला की, हिंदू कायद्याप्रमाणे ती दत्तक पुत्राची! म्हणजे तोच मुलगा, तोच विधी, तेच मंत्र. पैशाच्या पेटीपुरता तो पुत्र ठरला आणि गादीपुरता परका.

नागपूरच्या तिसऱ्या रघूजी भोसल्यांनी हयातीत दत्तक घेतला नव्हता. 1853 च्या डिसेंबरात ते वारले आणि पुढे तेही राज्य गेले. राण्यांनी घेतलेल्या दत्तकाला इंग्रजांनी मान्यता दिली, पण ती राज्य बुडाल्यावर. 1860 साली त्यांना सातारा जिल्ह्यातील देऊरचे राजेबहादूर करण्यात आले. दुसऱ्या बाजीरावाने 1827 मध्ये दत्तक घेतलेले नानासाहेब यांचीही तीच गत झाली. 1851 साली बाजीराव वारला आणि सालाना आठ लाखांचे वेतन बंद झाले. ते तहनाम्याप्रमाणे बाजीरावापुरते होते, असे कंपनीचे म्हणणे. पुढे 1857 साली कानपूर आणि झाशी या दोन ठिकाणी काय झाले, हे शाळेतली मुले तुम्हाला सांगतील.

एका शब्दाच्या अर्थावरून राज्ये गेली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो खरा इतिहास होणार नाही. कंपनीला मुलूख हवा होता. शब्दाचा तिने फक्त उपयोग करून घेतला. दत्तकाला 'अ‍ॅडॉप्शन' म्हटले की, ती एका माणसाची निवड ठरते, आणि वरच्या सत्तेने ती मंजूर किंवा नामंजूर करावी हे ओघाने येते. दत्तकविधान हा दोन घरांमधला आणि पितरांपर्यंत पोहोचणारा व्यवहार आहे, हे त्या इंग्रजी शब्दात मावत नव्हते.

1857 नंतर इंग्रज शहाणे झाले. 1862 साली गव्हर्नर जनरल कॅनिंगने शंभराहून अधिक संस्थानिकांना दत्तकाचा हक्क मान्य करणाऱ्या सनदा दिल्या. त्याचे फळ महाराष्ट्राला मिळाले. 1875 साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळराव नावाच्या बारा वर्षांच्या शेतकऱ्याच्या मुलाला दत्तक घेतले. तेच सयाजीराव महाराज. 1884 साली कोल्हापूरच्या आनंदीबाई राणीसाहेबांनी कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक घेतले. तेच राजर्षी शाहू. दोघीही विधवा होत्या. यांपैकी एका मुलाने 1906 साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, दुसऱ्याने 1917 साली ते सक्तीचे व मोफत केले. डॉक्टर आंबेडकरांना परदेशी शिकण्यासाठी सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली आणि शाहू महाराजांचाही हात मिळाला. डलहौसीचे धोरण टिकले असते, तर ही दोन नावे आपल्या इतिहासात आलीच नसती.

पण श्रोतेहो, या सगळ्या कथांत एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? आनंदरावाचा दामोदर झाला, गोपाळरावांचे सयाजीराव झाले, यशवंतरावांचे शाहू झाले. गादीचा विचार झाला, पिंडाचा झाला, तहाचा झाला. पाच, नऊ, बारा वर्षांची ही पोरे एका रात्रीत आपल्या घरातून उठून दुसऱ्या वाड्यात गेली. त्यांना काय वाटले, ते कोणाच्याही दप्तरात नाही. दत्तक हा घराला वारस मिळावा म्हणून होता. मुलाला घर मिळावे म्हणून तो नव्हता.

त्याच काळात पुण्यात एक जोडपे निराळ्या वाटेने चालले होते. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे यावे, बाळंत व्हावे आणि मूल मारू नये, म्हणून ते घर. काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा तिथे आली. तिला झालेले मूल या जोडप्याने आपले म्हणून वाढवले आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. दत्तक सजातीय हवा, असा तेव्हाचा शास्त्रार्थ होता. त्यात हे मूल कसे बसावे? राखायला गादी नव्हती, वाडा नव्हता. 1887 साली जोतिरावांनी मृत्युपत्र करून यशवंताला आपला वारस ठरवले. यशवंत पुढे डॉक्टर झाले. 1897 साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाई आणि यशवंत यांनी मिळून रोग्यांची शुश्रूषा केली. त्या सेवेतच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.

त्या मातेने विश्वासाने दिले आणि या दोघांनी मनापासून निवडले. 'दत्तक' आणि 'अ‍ॅडॉप्शन' हे दोन्ही शब्द या एका घरात खरे झाले.

कायद्याला तिथवर यायला पुष्कळ वर्षे लागली. 1956 साली हिंदू दत्तक व निर्वाह कायदा झाला. त्याने जातीची अट काढली आणि मुलगी दत्तक घेता येऊ लागली. होमाची सक्ती गेली, पण मूल प्रत्यक्ष देणे आणि घेणे झाले पाहिजे ही अट राहिली. म्हणजे आपला जुना 'दत्त' अजून कायद्यात आहे! मुसलमान, ख्रिस्ती, पारशी यांना मात्र बराच काळ मुलाचे नुसते पालक होता येत असे. 2000 सालच्या बालन्याय कायद्याने कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेण्याची वाट मोकळी केली. त्याच्या जागी आता 2015 चा कायदा आहे. त्यात आणखी एक तरतूद आहे, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. मुलाचे वय आणि समज पाहून त्याची स्वतःची इच्छा विचारात घ्यावी, असे तो सांगतो. झाशीच्या पाच वर्षांच्या आनंदरावाला जे कोणी विचारले नाही, ते आज विचारावे लागते.

आता बाईंचा प्रश्न. त्या मुलांना काय सांगावे?

मला वाटते, आपल्या भाषेनेच ते सांगून ठेवले आहे. मराठीत तीन क्रियापदे आहेत. आईबाप दत्तक देतात, आईबाप दत्तक घेतात आणि मुलगा दत्तक जातो. पहिल्या दोघांसाठी इंग्रजीतही शब्द सापडतील. पण हे 'जाणे' आपले. दत्तक जाणारा आपल्या पायांनी एका घरातून दुसऱ्या घरात जातो, तिथे रुजतो, त्या घराचा होतो. तो नुसता देण्याघेण्याची वस्तू नाही, हे आपल्या आज्यांना माहीत होते.

आणि 'खरे आईबाप' म्हणणाऱ्या त्या पोराला सांगावे, बाळ, मघाशी आपण पाहिले ना, मराठीत मूल दत्तक असते, पण आईबापांना कोणी दत्तक म्हणत नाही. जन्म देणारे जन्मदाते. रात्री ताप आल्यावर उशाशी बसणारे, फी भरायला शेरडू विकणारे, ते आईबाप. त्यांच्यामागे 'खरे' लावायची गरज नाही आणि 'दत्तक'ही लावायची नाही.

हे सगळे मी बाईंना कळवले. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला. त्यांनी वर्गात पहिल्यांदा सयाजीरावांची गोष्ट सांगितली, मग यशवंताची. मग फळ्यावर तीन शब्द लिहिले, देणे, घेणे, जाणे. आणि त्या मुलीने हात वर करून विचारले, "बाई, सयाजीराव कवळाण्याहून बडोद्याला गेले, तर ते किती लांब?"

बाईंनी भिंतीवरचा नकाशा खाली काढला आणि सगळा वर्ग त्याच्याभोवती जमला. तिच्याकडे वळून पाहायला कोणाला सवडच राहिली नाही.